दुपारीच जीव शिणतो? दिवसभरात तरतरी परत मिळवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कामाचे चार-पाच तास अजून शिल्लक आहेत आणि अंगातलं त्राण मात्र संपलंय, अशी दुपार बहुतेकांच्या वाट्याला येते. अशा वेळी मिळणारे सल्ले मोठे असतात: सुट्टी घ्या, रोज पहाटे उठून व्यायाम करा, राहणीच बदला. ते चुकीचे नाहीत. पण दुपारी अडीच वाजता कामाचा ढीग समोर असताना त्यातलं काहीच हाताशी नसतं. हे पान त्या अडीच वाजताच्या माणसासाठी लिहिलं आहे. इथले बहुतेक उपाय दोन ते वीस मिनिटांचे आहेत आणि बिनखर्चाचे आहेत. ते का लागू पडतात हेही जमेल तिथे सांगितलं आहे, कारण त्यामागचं कारण कळलं की आपल्या कामाच्या बेताने उपाय बदलून घेता येतो.

दिवसभर खुर्चीत तर बसून असतो. मग एवढा थकवा येतो कुठून?

हे विचारणाऱ्याच्या आवाजात बरेचदा थोडी शरम असते, म्हणून आधी ती बाजूला ठेवू. बसून केलेल्या कामाचा थकवा खरा असतो.

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के. पण शरीर स्वस्थ असतानाही जेवढी ऊर्जा वापरतं, त्यातला जवळपास २० टक्के वाटा एकटा मेंदू घेतो. अवघड हिशेब सोडवताना हा वाटा फारसा वाढत नाही, म्हणजे डोकं थकतं तेव्हा इंधन संपलेलं नसतं. मग काय होतं? २०२२ मध्ये पॅरिसमधल्या संशोधकांनी दिवसभर अवघड बौद्धिक काम करणाऱ्यांची आणि त्याच वेळात सोपं काम करणाऱ्यांची तुलना केली. अवघड काम करणाऱ्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात ग्लुटामेट हे रसायन जास्त साचलेलं दिसलं. एका अभ्यासावर सगळा डोलारा उभा करू नये, पण त्याने दाखवलेली दिशा मला पटते. डोक्याच्या थकव्यात काहीतरी साचत असावं, आणि साचलेलं उपसायला वेळ द्यावा लागतो. वरून आणखी खाणं किंवा कॉफी ओतून ते उपसलं जात नाही.

अंगाचं म्हणाल, तर स्थिर बसणं हेही स्नायूंचं कामच आहे. मान पुढे काढून पडद्याकडे बघताना मानेचे आणि पाठीचे स्नायू तासन्‌तास एकाच ताणात आवळलेले राहतात. चालताना तेच स्नायू आळीपाळीने आवळतात आणि सैल होतात, त्यामुळे त्यांतून रक्त खेळतं राहतं. बसल्यावर ही आळीपाळी थांबते. संध्याकाळी अंग आंबून जातं ते यामुळे.

थकवा तो थकवाच ना? त्यात प्रकार कसले?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मला हाच वाटतो. एका थकव्यावर दुसऱ्याच थकव्याची विश्रांती घेतली की वेळही जातो आणि बरंही वाटत नाही. मग माणूस म्हणतो, 'विश्रांती घेऊन बघितली, काही फरक पडत नाही.'

पहिली पारख झोपेची. आत्ता एखाद्या अंधाऱ्या खोलीत आडवं व्हायला मिळालं, तर पाच-सात मिनिटांत डोळा लागेल का? लागेल असं मनापासून वाटत असेल, पापण्या जड असतील, एकच ओळ तीनतीनदा वाचावी लागत असेल, तर ही झोपेची उधारी आहे. ती डुलकीने थोडी आणि रात्रीच्या झोपेनेच पुरती फिटते. चालणं, पाणी यांनी तिला तासभर पुढे ढकलता येतं, एवढंच.

झोप येत नाही, पण खांदे, कंबर, पाय ठणकताहेत, तर तो अंगाचा शीण. यात दोन अगदी उलट प्रकार आहेत. दिवसभर उभं राहून, उचलाउचल करून दमला असाल तर बसा, जमल्यास पाय उंचावर ठेवा. दिवसभर बसून आखडला असाल तर आणखी बसून राहण्याने तो शीण जाणार नाही, उठावंच लागेल. बसून काम करणारी कितीतरी माणसं मधल्या सुट्टीतही त्याच खुर्चीत मागे रेलतात, आणि अंग तसंच आखडलेलं घेऊन पुन्हा कामाला लागतात.

अंग ठीक आहे, झोपही नाही, पण दोन ओळींच्या निरोपाला शब्द सुचत नाहीत, साधा निर्णय घ्यावासा वाटत नाही, किरकोळ चुका होताहेत, तर तो डोक्याचा शीण. त्याला लक्ष लावावं न लागणारं काहीतरी हवं असतं: खिडकीतून बाहेर बघणं, टेबल आवरणं, झाडांना पाणी घालणं, नुसतं चालणं.

चौथा मनाचा, आणि त्याची दखल सगळ्यात कमी घेतली जाते. दिवसभर तक्रारी ऐकायच्या, राग गिळून चेहरा हसरा ठेवायचा, आजारी माणसासमोर धीर धरायचा. या कामांत माणूस स्वतःच्या भावना आवरून धरत असतो, आणि ते आवरून धरणंच कष्टाचं असतं. माणसं नकोशी होणं, फोन वाजला तरी पोटात गोळा येणं ही याची खूण. अशा वेळी पाच मिनिटांचा एकांत तरी लागतो, नाहीतर ज्याच्यासमोर चेहरा सांभाळावा लागत नाही असं एखादं माणूस तरी.

यातून निघणारा नियम साधा आहे. दिवसभर जे केलंत, त्याच्या उलट करा. बसणाऱ्याने उठावं, उभ्याने बसावं, बोलणाऱ्याने गप्प राहावं, एकट्याने काम करणाऱ्याने कुणाशी तरी दोन शब्द बोलावेत, जवळ बघणाऱ्याने लांब बघावं.

दुपारच्या जेवणानंतर पेंग येते. जेवण जड झालं म्हणून का?

थोडंफार त्यामुळेही, पण मूळ कारण निराळं आहे. दुपारचं जेवण टाळणाऱ्यांनासुद्धा साधारण एक ते चारच्या दरम्यान मरगळ येते. आपल्या मेंदूत हायपोथॅलॅमस नावाच्या भागात सुमारे २०,००० पेशींचा एक छोटा पुंजका आहे, तो शरीराचं चोवीस तासांचं घड्याळ चालवतो. या घड्याळाची पेशीतली यंत्रणा उलगडल्याबद्दल २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना मिळालं. त्यांनी हे काम फळमाश्यांवर केलं होतं, पण तसंच घड्याळ आपल्यातही आहे.

जाग आल्यापासून झोपेची ओढ तासागणिक वाढत जाते. घड्याळ तिच्याविरुद्ध जागं ठेवणारा इशारा देत राहतं. दुपारी ओढ बरीच वाढलेली असते आणि घड्याळाचा इशारा मात्र अजून पुरेसा चढलेला नसतो. संध्याकाळी तो चढतो, म्हणून सहा-सात वाजता कित्येकांना तीन वाजल्यापेक्षा जास्त हुशारी वाटते. भरपूर जेवण झालं, त्यातही पिष्टमय आणि तळलेलं जास्त झालं, की हा दुपारचा खड्डा आणखी खोल होतो.

म्हणजे दुपारची मरगळ हा तुमचा आळस नव्हे. ती रोज ठरल्या वेळी येणार हे गृहीत धरून कामाची मांडणी करता येते. मी स्वतः सगळ्यात अवघड लिखाण सकाळी उरकते आणि दुपारच्या तासात फायली लावणं, फोन करणं, नोंदी तपासणं अशी कामं ठेवते. त्या वेळात अवघड काम रेटून बघितलं, तर ते दुप्पट वेळ खातं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दुरुस्त करावं लागतं, हे बऱ्याच वर्षांनी माझ्या लक्षात आलं.

दुपारी डुलकी घ्यावी का? किती वेळ?

जागा आणि मुभा असेल तर जरूर घ्यावी. १० ते २० मिनिटं पुरेत. त्याहून लांबली की झोप गाढ व्हायला लागते, आणि तिथून उठवल्यावर डोकं सुन्न राहतं. हा सुन्नपणा अर्धा तासही टिकू शकतो, म्हणूनच 'झोपलो आणि आणखीच वाईट वाटलं' अशी तक्रार येते.

अमेरिकेच्या नासा या संस्थेने लांब पल्ल्याच्या उड्डाणांतल्या वैमानिकांवर केलेला अभ्यास यासंदर्भात नेहमी सांगितला जातो. उड्डाण चालू असताना आळीपाळीने त्यांना ४० मिनिटांची विश्रांती दिली होती आणि त्यात त्यांना सरासरी २६ मिनिटं झोप लागली. ज्यांना ही मुभा नव्हती त्यांच्या तुलनेत, विमान खाली उतरवण्याच्या जोखमीच्या वेळी हे वैमानिक अधिक सावध होते. ज्या कामात क्षणाची झापड जिवावर बेतू शकते, तिथे एवढ्याशा झोपेने फरक पडला. आपल्या कामातही तिला कमी लेखू नये.

गजर लावा, तो हाताच्या अंतरावर ठेवा, डोळ्यांवर रुमाल टाका. झोप लागलीच पाहिजे असा हट्ट नको, डोळे मिटून स्वस्थ पडणंही उपयोगाचं असतं. साधारण तीननंतर डुलकी टाळावी, रात्रीच्या झोपेतून ती वजा होते. आणि ज्यांना रात्री झोपच लागत नाही अशी जुनी तक्रार आहे, त्यांनी दुपारी न झोपलेलं बरं.

आणखी एक युक्ती आहे. डुलकीच्या लगेच आधी कॉफी प्यायची. कॅफिनचा परिणाम जाणवायला साधारण २० ते ३० मिनिटं लागतात, तेवढ्यात डुलकी होऊन जाते आणि उठताना दोन्हींचा फायदा एकदम मिळतो.

मग चहा-कॉफी दिवसभर चालू ठेवली तर?

कॅफिन ऊर्जा देत नाही, हे समजून घेतलं की पुढचं सोपं होतं. जागेपणी मेंदूत अडेनोसिन नावाचं द्रव्य वाढत जातं. ते आपल्या ठरलेल्या जागांवर जाऊन बसलं की झोप येऊ लागते. कॅफिन त्या जागा अडवतं. अडेनोसिन तिथेच घुटमळत राहतं, आणि कॅफिन ओसरलं की सगळं एकदम जागा घेतं. कॉफीचा असर उतरल्यावर येणारी गळाठलेली अवस्था ती हीच.

प्यालेल्या कॅफिनपैकी अर्धं शरीरातून जायला सरासरी पाचेक तास लागतात. कुणाला बरेच कमी, कुणाला बरेच जास्त, आणि गरोदरपणात तर खूपच जास्त. झोपेच्या ६ तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन घेतल्यावरही झोप एका तासाहून जास्त कमी झाल्याचं २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि गरोदर स्त्रियांसाठी २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन सुरक्षित मानलं आहे. कॉफीच्या एका मोठ्या कपात साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम असतं, चहात त्याच्या निम्म्याच्या आसपास.

माझा सल्ला: दुपारी दोननंतरचा कप दोन आठवडे बंद करून बघा. पहिले तीन-चार दिवस डोकं दुखू शकतं, चिडचिड होऊ शकते. पण रात्रीची झोप सुधारली की त्या कपाची गरजच कमी वाटू लागते.

गोड खाल्लं की लगेच बरं वाटतं. ते चुकीचं आहे का?

बरं वाटतं ते चवीचं. २०१९ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात साखरेने मन उल्हसित होतं याला आधार मिळाला नाही. उलट खाल्ल्यानंतर पहिल्या तासाभरात थकवा वाढून सावधपणा कमी झालेला दिसला. भूक लागली असेल तर खा, जरूर खा, पण मूठभर दाणे, दही, अंडं, अख्खं फळ असं काहीतरी खा, ज्यात प्रथिनं किंवा तंतू असतील. ते हळूहळू पचतं आणि जास्त वेळ पुरतं.

पाणी कमी पडल्याने खरंच थकवा येतो?

येतो. शरीराच्या वजनाच्या १ ते २ टक्के पाणी कमी झालं तरी लक्ष लागेनासं होतं आणि मन खट्टू होतं. रोज अमुक इतके पेले मोजत बसण्याची मात्र गरज नाही, खाण्यातूनही बरंच पाणी पोटात जातं. लघवी गडद पिवळी दिसत असेल तर पाणी वाढवा. बाटली नजरेसमोर ठेवली की पाणी आपोआप प्यायलं जातं.

फक्त पाच-दहा मिनिटं आहेत. एकच गोष्ट करायची तर कोणती?

उठून बाहेर जा आणि चाला.

एवढ्या एका गोष्टीत तीन-चार उपाय एकत्र होतात. आखडलेले स्नायू सुटतात. नजर लांब जाते. डोक्याला लक्ष लावावं लागत नाही. आणि प्रकाश मिळतो, ज्याचं महत्त्व फार थोड्यांना माहीत असतं. डोळ्याच्या पडद्यात दिसण्याशी थेट संबंध नसलेल्या काही पेशी आहेत. त्या उजेड मोजतात आणि शरीराच्या घड्याळाला 'दिवस आहे' असा निरोप देतात. आपल्याला लख्ख वाटणाऱ्या कार्यालयात उजेड साधारण ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजण्याचं एकक) असतो. ढगाळ दिवशीही बाहेर तो काही हजार लक्स असतो आणि भर उन्हात १ लाख लक्सपर्यंत जातो. आपले डोळे चटकन जुळवून घेतात म्हणून हा फरक जाणवत नाही, पण घड्याळाला तो जाणवतो. सकाळचा उजेड तर रात्रीच्या झोपेलाही मदत करतो.

बाहेर जाणं शक्य नसेल तर जिना आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात झोप अपुरी असलेल्या तरुण मुलींवर एक छोटा प्रयोग झाला. १० मिनिटं साध्या गतीने जिना चढ-उतार केल्यावर त्यांना ५० मिलिग्रॅम कॅफिनपेक्षा जास्त तरतरी वाटली. तिचा प्रभाव फार वेळ टिकला नाही, हेही खरं. पण जिना पुन्हा चढता येतो, आणि त्याने रात्रीची झोप मोडत नाही. गुडघ्यांचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी अर्थातच सपाट जागी चालावं.

धाप लागेल इतकं करू नका. शेजारच्याशी बोलता येईल एवढाच वेग ठेवा.

मधल्या वेळात मोबाइल बघतो, तरी डोकं हलकं का होत नाही?

कारण डोक्याचं काम थांबलेलंच नसतं. वाचायचं, ठरवायचं, प्रतिक्रिया द्यायची, पुढे सरकवायचं, हे सगळं तेच लक्ष वापरतं जे कामात वापरून थकलंय. डोळे तेवढ्याच अंतरावर खिळलेले, मान तशीच झुकलेली. वर एखादी बातमी किंवा निरोप मनात असा अडकतो की कामावर परतल्यावरही अर्धं मन तिकडेच राहतं. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये या मागे उरलेल्या लक्षाचा अभ्यास मांडला: एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की पहिल्याचा अंश मनात रेंगाळतो.

स्टीफन आणि रेचेल कॅपलन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८० च्या दशकात मांडलेला विचार इथे उपयोगी आहे. त्यांच्या मते लक्ष दोन प्रकारचं असतं. एक आपण जोर लावून धरतो, ते थकतं. दुसरं सहज ओढलं जातं: हलणारी पानं, ढग, पाणी, पाखरांची ये-जा. हे दुसरं चालू असताना पहिल्याला विसावा मिळतो. मोबाइलही लक्ष ओढतो, पण तो ओढून घट्ट धरून ठेवतो. पानं धरून ठेवत नाहीत.

मोबाइल वाईट, असं मला म्हणायचं नाही. त्यावर गाणं लावा आणि तो पालथा ठेवा. आईला, मित्राला फोन करा आणि बोलता बोलता चाला. विश्रांतीच्या दहा मिनिटांत पडद्याकडे बघायचं नाही, एवढंच पाळा.

डोळे चुरचुरतात, जड होतात. काय करू?

पडद्याकडे बघताना आपण पापण्या निम्म्याहूनही कमी वेळा मिटतो, त्यामुळे डोळे कोरडे पडतात. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडच्या वस्तूकडे २० सेकंद बघा आणि त्या वेळात पापण्या सावकाश, पूर्ण मिटा. एवढं करूनही रोज त्रास होत असेल तर चष्म्याचा नंबर तपासून घ्या.

श्वासाचे व्यायाम खरोखर उपयोगी आहेत का?

ताणामुळे आलेल्या थकव्यात, हो. उच्छ्वास लांबवला की व्हेगस या मज्जातंतूमार्फत हृदयाची गती थोडी मंदावते, आणि शरीर सावध पवित्र्यातून बाहेर येऊ लागतं. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना महिनाभर रोज ५ मिनिटं वेगवेगळे प्रकार करायला लावले. त्यात लांब सुस्काऱ्याच्या प्रकाराने मनःस्थिती सगळ्यात जास्त सुधारलेली दिसली.

करायचं असं: नाकाने श्वास घ्या, छाती भरत आली की वरून आणखी एक छोटा श्वास घ्या, आणि मग तोंडाने अगदी सावकाश, सगळा बाहेर सोडा. एखादी कटकटीची बैठक संपल्यावर असं तीन-चारदा केलं तरी खांदे खाली आलेले जाणवतात. चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबा आणि नेहमीसारखा श्वास घ्या. झोपेची उधारी असेल तेव्हा मात्र हा उपाय नको, त्याने आणखी पेंग येते.

माझ्या कामात मधली सुट्टीच नसते. गिऱ्हाईक, रुग्ण, लहान मूल, कुणीतरी सतत समोर असतं. मी काय करू?

असे सल्ले वाचून सगळ्यात जास्त चिडतात ती हीच माणसं, आणि त्यांचं चिडणं योग्य आहे. 'बाहेर फेरफटका मारून या' हे तान्ह्या बाळाच्या आईला किंवा वॉर्डात एकट्या असलेल्या परिचारिकेला सांगण्यात अर्थ नाही.

तरी काही सांगण्यासारखं आहे. २०२२ मध्ये छोट्या विरामांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. १० मिनिटांपर्यंतच्या विरामांनीही थकवा कमी आणि उत्साह जास्त वाटतो, असं त्यात दिसलं. अवघड कामाची गुणवत्ता सुधारायला मात्र विराम लांब असावा लागतो. म्हणजे छोट्या विरामाकडून चमत्काराची अपेक्षा नको, पण तो फुकटही जात नाही.

मग हे विराम दोन कामांच्या सांध्यात शोधायचे. हात धुताना घाई न करता पाण्याचा गारवा जाणवू द्यायचा. एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाताना दाराशी एक लांब श्वास सोडायचा. उभ्या उभ्या टाचा दहा वेळा उचलायच्या, त्याने पोटऱ्यांत साचलेलं रक्त वर सरकतं. बाळ झोपलं की पहिली दहा मिनिटं घर न आवरता आडवं व्हायचं. आवरण्याचं काम तिथेच राहतं, ती दहा मिनिटं राहत नाहीत.

आणि यापलीकडे एक गोष्ट मला ठामपणे सांगायची आहे. दुसऱ्याची काळजी घेणाऱ्या माणसाला श्वासाच्या युक्तीपेक्षा दुसऱ्या माणसाची गरज असते. 'काही मदत लागली तर सांग' म्हणणाऱ्याला नेमकं सांगा: 'रोज पाच ते साडेपाच तू याच्याजवळ बस.' मोघम मागणीला मोघम होकार मिळतो. वेळ सांगून मागितलं की निदान हो किंवा नाही तरी कळतं. घरातल्या दुसऱ्या कुणी हे वाचत असेल, तर मागण्याची वाट न बघता तो अर्धा तास आपण होऊन उचला.

दर किती वेळाने थांबावं?

ठरीव आकडा नाही. फ्रांचेस्को चिरिलो यांची २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विराम ही पद्धत पुष्कळांना मानवते, कंटाळवाण्या कामाला तर विशेष. गुंतून जाऊन करायच्या कामात २५ मिनिटांनी वाजणारी घंटा त्रासदायक होते, तिथे तास-दीड तास चालू द्यावं. दर ९० मिनिटांनी ऊर्जेचं चक्र फिरतं असंही सांगतात. झोपेत तसं साधारण ९० मिनिटांचं चक्र असतं खरं, पण जागेपणी ते घड्याळासारखं चालतं याचा पुरावा कच्चा आहे.

आकड्यापेक्षा एवढं सांभाळा, की पुरते गळून जाण्याआधी थांबायचं. दमायला लागल्याच्या पहिल्या खुणेवर, म्हणजे तेच वाक्य पुन्हा वाचावं लागलं की, पाच मिनिटं थांबलात तर ती पुरतात. तासभर ओढून नेल्यावर पाच मिनिटांत काही होत नाही. आणि उठण्याआधी पुढची पायरी एका ओळीत लिहून ठेवा: 'आता तिसऱ्या तक्त्याची बेरीज तपासायची.' मन मागे रेंगाळत नाही, आणि परतल्यावर कुठे होतो हे शोधण्यात वेळ जात नाही.

काल रात्री झोपच झाली नाही आणि आज दिवस मोठा आहे. कसा निभावू?

सकाळी उजेडात जा. कॅफिन एकदम न घेता थोडं थोडं, दुपारपर्यंतच घ्या. जमेल तर डुलकी. पैशांचे, भांडणाचे, माफीचे निर्णय उद्यावर टाका. रात्री नेहमीपेक्षा तासभर लवकर झोपा, पण सकाळी उठण्याची वेळ फार बदलू नका.

गाडी चालवत असाल तर कृपा करून हे वाचा. खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं याने झोप थांबत नाही. गेले काही किलोमीटर कसे गेले ते आठवत नसेल, तर डोळा आधीच लागून गेलेला आहे. सुरक्षित जागी थांबा आणि झोपा.

एका रात्रीचं असं निभावतं. रोजचंच होत असेल तर नाही. २००३ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात दोन आठवडे रोज ६ तास किंवा त्याहून कमी झोपलेल्यांची कामगिरी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी घसरली होती, आणि त्यांना स्वतःला मात्र आपण एवढे ढासळलोय असं वाटत नव्हतं. 'मला कमी झोप पुरते' असं म्हणणाऱ्यांबद्दल मला काळजी वाटते ती यामुळे. प्रौढांना ७ तास किंवा त्याहून जास्त झोप लागते.

हे सगळं करूनही थकवा जात नसेल तर?

दोन-तीन आठवडे पुरेशी झोप घेऊनही थकवा हटत नसेल तर डॉक्टरांकडे जा, आणि 'जरा दमायला होतं' असं हलकं करून सांगू नका. काय काय करणं थांबलंय ते सांगा: जिना, चालणं, स्वयंपाक, वाचन. रक्तक्षय हे फार सापडणारं कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार हिमोग्लोबिन पुरुषांत १३ आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांत १२ ग्रॅमच्या खाली (प्रति १०० मिलिलिटर) असेल तर रक्तक्षय मानतात. थायरॉइडचे विकार, मधुमेह, ब-१२ ची कमतरता, नैराश्य, काही औषधं, हेही तपासावं लागतं. झोपेत जोरात घोरत असाल, मध्येच श्वास अडकतो असं घरच्यांनी सांगितलं असेल, तर ते जरूर सांगा. त्या आजारात आठ तास झोपूनही माणूस थकलेलाच उठतो.

छातीत दुखणं, धाप, अचानक घाम, बोलणं अडखळणं किंवा हातापायातली ताकद जाणं यांच्यासोबत थकवा आला तर वाट बघू नका, तातडीने दवाखाना गाठा.

तपासण्या सगळ्या ठीक आल्या, पण कामाचा नुसता विचार आला तरी गळून जायला होतं, कामाबद्दल तुसडेपणा आलाय आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटतं, तर तेही दखल घेण्याजोगं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणाऱ्या या अवस्थेची नोंद घेतली. इथे पाच मिनिटांचा विराम अपुरा आहे. कामाचा बोजा, वेळ, कामाची पद्धत यांबद्दलच बोलावं लागतं.

चार दिवस करतो आणि मग विसरतो. सवय कशी लावू?

एकच गोष्ट निवडा आणि ती रोज घडणाऱ्या दुसऱ्या गोष्टीला बांधून टाका. 'दुपारी चालायचं' हे विसरलं जातं. 'जेवणाचा डबा धुतला की तसंच बाहेर पडून इमारतीला एक फेरी' हे विसरलं जात नाही, कारण डबा तर रोज धुवावा लागतोच. फोन ठेवला की उभं राहायचं. संगणक सुरू होईपर्यंत खिडकीशी जायचं. सोबत कुणी असेल तर आणखी सोपं जातं, तुम्ही विसरलात तर तो आठवण करतो.

पाऊस असेल, कामाचा कडेलोट झालेला असेल, अशा दिवशी इमारतीच्या फेरीऐवजी नुसतं दारापर्यंत जाऊन या. त्या दिवसापुरती तेवढी फेरी धरायची.